मी पिनांगला चढलो होतो

मद्रास बंदर, रविवार, ९ जून १९५७

आज सकाळी बोट धक्क्याला लागली. बारा वर्षांनी देशाच्या जमिनीवर पाय ठेवताना भरून येईल असं मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात जमीन हलल्यासारखी वाटली आणि एका हमालाने माझी ट्रंक माझ्याच पायावर आपटली.

उतरण्याआधी डेकवर सगळ्यांना रांगेत उभं केलं. तोंडाला फडकी बांधलेले दोन डॉक्टर एकेकाच्या जिभेखाली थर्मामीटर देत होते. सिंगापूरकडे कसलासा ताप पसरला आहे म्हणे. ज्याला ताप निघेल त्याला शेडमध्ये ठेवतात आणि लवकर सोडत नाहीत. माझं डोकं तीन दिवसांपासून जड आहे, पण ते समुद्राच्या वाऱ्याने. डोकं जड झालं की दोन गोळ्या घ्यायची मला मळ्यावरची सवय, तशा रांगेत जाण्याआधी घेतल्या. माझा पारा ठीक निघाला. मागे एक तमिळ कुटुंब होतं, नवरा, बायको आणि सासू. तिघांनाही शेडमध्ये नेलं. बिचाऱ्यांना गोळ्यांची सवय नसावी.

मग कारकुनाने विचारलं, "राज्य कुठलं?"

"हैदराबाद," मी म्हणालो.

"असं राज्य नाही."

"मी तिथलाच आहे."

"तुम्ही असाल. राज्य नाही." त्याने आंध्र प्रदेश लिहिलं. मी त्याला सांगितलं की आमचं मूळ गाव परभणीकडे आहे. त्याने ते खोडून मुंबई राज्य लिहिलं. मी म्हणालो, पण घर हैदराबादेत आहे, माय आणि दादा तिथेच असतात. त्याने टाक खाली ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं बोललो नाही. त्याने शेवटी काय लिहिलं ते मला ठाऊक नाही.

पंचेचाळीस साली मी लष्कराच्या पुरवठा तुकडीबरोबर मलायात गेलो. लढाई संपल्यावर बाकीचे परतले, मला इपोहजवळच्या एका रबराच्या मळ्यावर साहेबाने कोठार सांभाळायला ठेवून घेतलं. पुढच्या वर्षी नक्की येतो, असं मायला कळवत बारा वर्षं गेली. आता येत्या ऑगस्टात मलाया स्वतंत्र होणार. राज्य बदलताना माणसाने आपल्या घरी असावं, या विचाराने मी निघालो, आणि इथे घरचं राज्य आधीच बदलून मोकळं झालेलं.

हैदराबाद, मंगळवार, ११ जून

पोचलो. रेल्वेत तिसऱ्या वर्गात चेंगराचेंगरी होती, पण मी मलायाहून आलो हे कळल्यावर आणि मला दोनदा खोकला आल्यावर लोकांनी चांगली ऐसपैस जागा दिली. परदेशातून आलेल्याला आपल्याकडे अजून मान आहे.

नामपल्ली स्टेशनवर दादा आणि माय न्यायला आले होते. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ उत्तमराव. सरकारी कचेरीत आहे, केस पांढरे झालेत. त्याच्या कचेरीतले निम्मे मराठी लोक औरंगाबादेकडे वाटून दिले, हा इथेच राहिला. माय मला आठवत होती त्याच्या निम्मी झाली आहे. तिने माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि बारा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य बोलली, "तोंड तापलंय रे तुझं."

"ऊन आहे, माय," मी म्हणालो.

अंबरपेठेत घराच्या दारात तिने भाकरीचा तुकडा आणि पाणी माझ्यावरून ओवाळून टाकलं. दादा म्हणाला, "माय, आता हे बंद केलंय ना आपण?"

"ते धर्मातलं बंद केलं. हे घरातलं हाय," माय म्हणाली.

गेल्या ऑक्टोबरात घरच्या सगळ्यांनी नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेतली, हे दादाने मला कळवलं होतं. पूर्वी देव होते त्या कोनाड्यात आता बुद्धाची तसबीर आहे आणि वर बाबासाहेबांचा फोटो. डिसेंबरातली ती बातमी मला मळ्यावर उशिरा कळली. त्या दिवशी मी कोठार उघडलं नाही, साहेब ओरडला तरी उघडलं नाही. आज त्या फोटोपुढे उभा राहिलो तेव्हा, जे मद्रासला वाटायला हवं होतं, ते इथे वाटलं.

दीक्षा न घेतलेला घरात मी एकटाच. पुतणी तारामती दहा वर्षांची आहे. तिने मला, आंघोळ राहिली का असं विचारावं तशा सुरात विचारलं, "काका, तुम्ही अजून हिंदूच हाव क्या?" आषाढी पौर्णिमेला माझी दीक्षा ठरली आहे. वस्तीचे पुढारी भिवाजीकाका देणार. भिक्खू इकडे कुठून मिळणार?

मायने रात्री माझ्या कपाळावर ओलं फडकं ठेवलं. बारा वर्षांनी लाड चालले आहेत, मी नको म्हटलं नाही.

गुरुवार, १३ जून

आज संध्याकाळी सगळी वस्ती मला बघायला अंगणात जमली. आमची बहुतेक घरं मराठवाड्यातली, कुणी रेल्वेत, कुणी दवाखान्यात, कुणी बिर्ला-टाटांच्या नव्हे पण कुठल्यातरी गिरणीत. सगळे मला खेटून बसले. मी रबराची झाडं, जपानी, वाघ असं सगळं सांगितलं. वाघ मी पाहिला नव्हता, पण लोकांचा उत्साह मोडवला नाही. बोलून बोलून घसा धरला, सारखा खोकला येत होता, तरी थांबलो नाही.

मलायाहून मी कॉफीचा डबा आणला आहे. वहिनींनी ती करून दिली आणि मी माझ्या एनॅमलच्या मोठ्या मगात ओतून, आधी स्वतः घोट घेऊन, सगळ्यांकडे फिरवली. एकाच मगातून सगळ्या वस्तीने चव घेतली. ज्या माणसांना बाहेर कुणी आपल्या भांड्याला हात लावू देत नव्हतं, त्यांच्यात एक मग असा हातोहाती फिरताना बघून मला फार बरं वाटलं. भिवाजीकाकांचे थोरले भाऊ, सगळ्या वस्तीचे अंबाजीमामा, डोळ्यांनी अधू झाले आहेत. त्यांना सगळ्यात जास्त आवडली. म्हणाले, "कडू हाय, पण लई दूरची हाय." त्यांनी दुसऱ्यांदा मागितली. मी मग त्यांच्या ओठाला लावून धरला.

रविवार, १६ जून

माझं अंग आता मोकळं झालं. हैदराबादची हवा मानवली.

तारामतीला मात्र ताप आहे. शाळेजवळ लाल रंगाचा बर्फाचा गोळा विकतात, तो खाल्ला असणार. मी वहिनींना सांगितलं की मलायात आम्ही बर्फ उकळलेल्या पाण्याचा करतो. विमलावहिनी मोजकं बोलतात. "तिने गोळा खाल्ला नाही, भावजी," एवढंच म्हणाल्या.

बुधवार, १९ जून

वहिनींनाही ताप. शेजारच्या पद्मावतम्मांना ताप. पलीकडच्या दोन घरांत ताप. दादा कचेरीतून लवकर आला, त्यालाही कणकण आहे. सगळ्यांचं सारखंच, डोकं जड, अंग मोडून येतं, खोकला. मला वाटतं नळाचं पाणी बिघडलं आहे. राज्य एक झालं की कारभार सुरळीत बसायला वेळ लागतोच.

दादाने वर्तमानपत्र वाचून दाखवलं. इन्फ्लुएंझा नावाचा ताप सिंगापूरहून बोटीने मद्रासला उतरला आणि तिथून रेल्वेने सगळीकडे जातो आहे. वाचून झाल्यावर तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. म्हणून मी त्याला समजावून सांगितलं की सिंगापूर आणि इपोह यांच्यामध्ये अख्ख्या रात्रीचा रेल्वेप्रवास आहे. बोट सिंगापूरहून निघाली हे खरं, पण मी इपोहकडच्या बंदरावर, पिनांगला चढलो होतो.

"बरं," दादा म्हणाला.

शुक्रवार, २१ जून

दादा पडला. आता घरात धडधाकट मी आणि माय. माय पेज करते, मी वाटतो. वस्तीत एकही घर सुटलेलं नाही.

वस्तीतल्या म्हाताऱ्या आज भिवाजीकाकांकडे गेल्या होत्या. त्यांचं म्हणणं, मरीआई कोपली आहे, तिचा गाडा काढा. गावाकडे पटकी-ताप आला की हे करायचे. लाकडाचा लहानसा गाडा, त्यात मरीआईची बाहुली, हिरव्या बांगड्या, लिंबू, कोंबडी. आमच्याच लोकांनी तो गाडा वाजतगाजत गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायचा. पुढच्या गावाने तो आपल्या शिवेबाहेर ढकलायचा. अशी मरीआई सगळा मुलूख हिंडायची, तिला तिकीट लागत नव्हतं. एक नियम मात्र कडक होता. गाडा सोडला की मागे वळून बघायचं नाही, आणि शिवेबाहेर घातलेलं पुन्हा आत घ्यायचं नाही.

भिवाजीकाकांनी त्यांना परत पाठवलं. म्हणाले, आपण शपथ घेतली आहे, गाडा आता कधीच निघणार नाही. मला त्यांचं कौतुक वाटलं. जुनं टाकायला धाडस लागतं.

रविवार, २३ जून

गाडा निघणार आहे. बाहुलीच्या जागी मी.

भिवाजीकाका आणि पंचमंडळी दुपारी आली. तोंडाला पंचे बांधले होते, त्यामुळे कोण बोलतं ते पटकन कळत नव्हतं. फार अदबीने बोलले. वस्तीचं असं मत पडतं की सूर्यभानने काही दिवस बाहेर राहावं. नामपल्लीला नुमाइशीच्या, म्हणजे प्रदर्शनाच्या, मैदानामागे एका चौकीदाराची खोली रिकामी आहे. नाहीतर सरळ परभणीकडे जावं, आपला मुलूख तर तोच.

मी म्हणालो, मला ताप नाही.

"तेच तर," काका म्हणाले. "सगळ्या वस्तीत तुलाच नाही."

"मी पिनांगला चढलो होतो."

"हे बघ बाबा, यात अंधश्रद्धा नाही. विज्ञान आहे."

मी विचारलं, किती दिवस? ताप ओसरेपर्यंत, असं ते म्हणाले. पण दाराबाहेर उभी असलेली एक म्हातारी दुसरीला हळूच म्हणाली, "गेल्यावर कोन घेतंय परत." ते मला स्पष्ट ऐकू आलं, आणि कुणी तिला गप्प केलं नाही. पुढच्या रविवारी सभा घेऊन ठरवायचं असं सांगून मंडळी गेली.

दादा आतल्या खोलीत पडून सगळं ऐकत होता. मला वाटलं, काहीतरी बोलेल. मी बारा वर्षांनी आलोय, ट्रंकेतले कपडे अजून खुंटीवर गेले नाहीत आणि हे लोक मला काढायला निघाले. दादा बोलला नाही. त्याच्या कुशीत तारामती तापाने फणफणत होती, हे खरं. तरी मला फार लागलं. दुसरं घर मला नाही. मळ्यावरची खोली दुसऱ्याला दिली गेली, गावाकडे आमच्या नावाचं छप्परही नाही. इथून निघालो तर मी कुठलाच नाही.

मी मायला म्हणालो, "मी जातो. कशाला वाद?"

"गप बस," माय म्हणाली. "कपडे खुंटीला लाव आधी."

मंगळवार, २५ जून

अंबाजीमामा पहाटे गेले. ताप छातीत उतरला म्हणतात. वय झालं होतं.

मी खांदा द्यायला गेलो. भिवाजीकाका रडत नव्हते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू राहू दे." मी मागे सरलो आणि सगळ्यांच्या बरोबर पण अंतराने चालत राहिलो. ज्यांच्या घरात माणसं पडून आहेत ते सगळे आले होते. कुणी माझ्याशी बोललं नाही. घरी आल्यावर मी तो मग घासून घासून धुतला आणि फळीवर वर ठेवला. का ठेवला, मला सांगता येणार नाही. कुणाला कॉफी नको होती एवढंच.

शुक्रवार, २८ जून

तारामती उठली, वहिनी उठल्या. पातळ वरण-भात खाल्ला. आणि आज माय पडली. पंधरवडाभर सगळ्यांचं केलं आणि आता पडली. मी म्हणालो, "दवाखान्यात जाऊ." ती म्हणाली, "रविवार होऊ दे."

"रविवारी काय आहे?"

"सभा नाही का?"

"सभेला तुझं काय काम?"

तिने कूस बदलली.

रविवार, ३० जून

सभा भिवाजीकाकांच्या अंगणात झाली. सगळे तोंडं बांधून लांब लांब बसले होते. मला एका कडेला स्टूल दिलं होतं, एकट्यालाच. बाकी सगळे खाली.

काका म्हणाले, "कुणावर आरोप नाही. आपण मरीआई मानत नाही, नवस मानत नाही. पण ताप मानावाच लागतो. सूर्यभान आला आणि ताप आला, हे सगळ्यांनी बघितलं. माझा भाऊ गेला, ते मी काढत नाही. पण उद्या कुणाचं लेकरू गेलं तर?"

मी उठून म्हणालो की बोट सिंगापूरहून निघाली असली तरी मी पिनांगला चढलो होतो. मागून कुणीतरी म्हणालं, "बस करो मियाँ. चढले तर चढले."

तेवढ्यात माय आली. तिला अंथरुणात ठेवून आलो होतो. एका हाताने वहिनींना आणि दुसऱ्या हाताने भिंतीला धरून आली, अंगावर गोधडी. काका उठले. "मावशी, तुम्ही कशाला आलात?"

"ताप मी आणला," माय म्हणाली.

कुणाला काही कळेना.

"सूर्या मंगळवारी उतरला. मला सोमवारपासून कणकण होती. लेकरू येणार म्हणून अंगावर काढला, बोलले नाही. तारी माझ्याजवळ झोपते, तिला माझ्याकडून गेला. सूर्याला ताप कुठं होता? नामपल्लीला मी तोंड चाचपून बघितलं की त्याचं. गार होतं." तिला धाप लागली. वहिनींनी तिला धरून ठेवलं. "अंबाजीभाऊला रोज ताक कोन देत होतं? मीच ना? त्यांनाही माझ्याकडूनच गेला. आन आता मलाच उलटला."

भिवाजीकाका तिच्याकडे बघत होते. "सोमवारपासून?"

"विमलला विचारा. तिला म्हणले होते मी, अंग मोडून आलंय गं."

सगळ्यांनी वहिनींकडे बघितलं. वहिनींची पोर आठ दिवस तापात बरळत होती, आणि त्या आठ दिवसांत त्या माझ्याशी दोन वाक्यंसुद्धा बोलल्या नव्हत्या. त्या खाली बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हौ. म्हणल्या होत्या. सोमवारीच म्हणल्या होत्या."

"झालं तर मग," माय म्हणाली. "घाला मला शिवेबाहेर. कुठं जाऊ सांगा, नामपल्लीला का परभणीला?"

या वस्तीतली अर्धी माणसं मायच्या हातावर जन्मलेली. भिवाजीकाकांची तिन्ही मुलं तिनेच बाहेर काढली, शेवटच्या वेळी बाई जाते की राहते अशी वेळ होती म्हणतात. काकांनी तोंडावरचा पंचा सोडून डोळे पुसले आणि म्हणाले, "सभा संपली. मावशींना घरी न्या."

म्हणजे मी पहिल्यापासून म्हणत होतो तेच खरं ठरलं. माझा काही संबंध नव्हता. मायने हे दहा दिवस आधी सांगितलं असतं तर मला एवढा त्रास झाला नसता, पण म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं.

बुधवार, ३ जुलै

मायची अवस्था वाईट आहे. श्वास घेताना छातीत घरघर होते. रविवारी तशा तापात चालत यायला नको होतं. म्युनिसिपालिटीचे डॉक्टर सकाळ-संध्याकाळ पेनिसिलिन टोचून जातात. बरी होईल का विचारलं तर म्हणाले, बघू.

मी घाबरलो आहे. लिहायला दुसरं काही नाही.

शनिवार, ६ जुलै

माय आज ज्वारीची भाकरी मागत होती. डॉक्टर म्हणाले, पेज द्या. माय डॉक्टरांना म्हणाली, तुम्हीच प्या. ताप उतरला. मी मागच्या अंगणात जाऊन ओक्साबोक्शी रडलो. पद्मावतम्मा भिंतीवरून बघत होत्या. "अय्यो, काय झालं?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "काही नाही, बरी झाली."

सोमवार, ८ जुलै

सहज बोलता बोलता वहिनींना म्हणालो, "त्या सोमवारी माय तुम्हाला बोलली होती, तर निदान तुम्ही तरी तिला झोपवून ठेवायचं."

वहिनी ज्वारी पाखडत होत्या. थांबल्या. "त्या सोमवारी त्या सकाळपासून घर सारवत होत्या, भावजी. भिंतीसुद्धा. तुम्ही येणार म्हणून. शिडीवर चढल्या होत्या, मी खाली धरून उभी."

"तापात?"

"ताप नव्हता," वहिनी म्हणाल्या आणि पुन्हा पाखडायला लागल्या.

मी बराच वेळ ओट्यावर बसून राहिलो. संध्याकाळी दादाने विचारलं, काय झालं? मी म्हणालो, काही नाही.

गुरुवार, ११ जुलै, आषाढी पौर्णिमा

आज माझी दीक्षा झाली.

पांढरे कपडे घातले. वस्तीतली हिंडती-फिरती झालेली सगळी माणसं आमच्याच अंगणात आली, पंचे न बांधता. माय माझ्या शेजारी शालीत बसली. भिवाजीकाका पाली वाक्य सांगायचे, ते सगळ्यांनी म्हणायचं आणि मग ते त्याचा अर्थ सांगायचे. शरण जाण्याची वाक्यं झाली. मग पाच शीलं. जीव घेणार नाही. न दिलेलं घेणार नाही. वाईट चालीने वागणार नाही. माय प्रत्येक वाक्य माझ्याआधी म्हणत होती, तिला सगळं तोंडपाठ आहे.

चौथं आलं. काका म्हणाले, खोटं बोलणार नाही. सगळ्यांनी पाली वाक्य म्हटलं. माझ्या शेजारून आवाज आला नाही.

मी बघितलं. माय ओठ मिटून समोर तसबिरीकडे बघत बसली होती. मीही अर्ध्यात थांबलो. तिने मला कोपराने ढोसलं. "तू म्हण," ती हळूच म्हणाली. "तुझं काही खोटं नाही."

मी म्हटलं. माझा आवाज फाटला.

भिवाजीकाका थांबले होते. ते मायकडे बघत होते, माय त्यांच्याकडे बघत नव्हती. त्यांनी अर्थ पुन्हा सांगितला नाही, तिला म्हणा असंही म्हटलं नाही. घसा खाकरून ते पाचव्याकडे वळले. दारूचं पाचवं मायने सगळ्यांच्या आधी आणि इतक्या मोठ्याने म्हटलं की तारामती हसली.

मला आता कळलं आहे. खरं म्हणजे सोमवारीच कळलं होतं, पण कळलेलं मी ओट्यावरच बसवून ठेवलं. ताप मी आणला. त्या गोळ्या, तो मग, अंबाजीमामांच्या ओठाला मी धरला तो. हे फक्त इथे लिहितो. बाहेर कुणाला सांगता येणार नाही, कारण मी खरं बोललो तर माय खोटी ठरेल, आणि वहिनीही. भिवाजीकाकांच्या पाया पडताना हे तोंडापर्यंत आलं होतं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "राहा इथंच." त्यांनाही सगळं ठाऊक आहे. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त हे वाटलं की मी घरी आलो.

जेवायच्या वेळी दुसरं कुणी जवळ नव्हतं तेव्हा मी मायला विचारलं, "चौथं का नाही म्हणालीस?"

"घसा बसला होता."

"पुढच्या पौर्णिमेला म्हणशील?"

तिने माझ्या ताटात भाकरी वाढली, वर ठेचा ठेवला.

"तू घरात हायेस तवर तर नाही जमायचं," ती म्हणाली. "मला चार पुरे. जेव."

मी भाकरी मोडली. तिने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.